दुसऱ्या दिवशी नॉर्मल, चौथ्या आठवड्यात ‘प्रतिसाद नाही’: नसेच्या टेस्टचे दोन रिपोर्ट इतके वेगळे कसे?

अनुस्वार

माझा धाकटा भाऊ पडला आणि त्याच्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. पडल्या क्षणापासून त्याला मनगट वर उचलता येत नव्हतं. बोटं सरळ होत नव्हती आणि अंगठ्याच्या मागची त्वचा बधिर होती. दुसऱ्या दिवशी नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. रिपोर्टमध्ये रेडियल नर्व्हचे (मनगट आणि बोटं उचलणाऱ्या नसेचे) आकडे नॉर्मल हद्दीत होते. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. त्यानंतर ऑपरेशन होऊन प्लेट बसवली.

आता चौथा आठवडा चालू आहे, हात तसाच आहे. पुन्हा टेस्ट केली, या वेळी सुईचीही. रिपोर्ट म्हणतो: रेडियल मोटर (स्नायू हलवण्याचा) प्रतिसाद नाही, सेन्सरी (संवेदनेचा) प्रतिसाद नाही, ब्रॅकिओरेडियालिस (कोपर वाकवणारा एक स्नायू) आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंत फिब्रिलेशन (नस तुटलेल्या स्नायूची आपोआप होणारी विद्युत थरथर), स्वेच्छेने एकही मोटर युनिट (एका तंतूने चालणारा स्नायूतंतूंचा गट) नाही. शेरा ‘गंभीर ॲक्सोनल इजा’, म्हणजे नसेचे तंतूच गेल्याची इजा.

घरात दोन तट पडलेत. आई-बाबा आणि काका म्हणतात, नस आधी चांगली होती, ऑपरेशनमध्ये दुखावली. वहिनी म्हणते, पहिली टेस्टच चुकीची झाली असणार. दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात का? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं.

तरंगमापक

ताई, दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. तुमच्या वर्णनावरून ते तसेच असावेत असं मला वाटतं. मी याच टेस्ट करतो आणि हा प्रश्न घेऊन घाबरलेली माणसं नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दंडाच्या मध्यावर नस चिरडली किंवा तुटली की तिथून वरचा संदेश खाली जाणं त्याच क्षणी थांबतं. मनगट लगेच पडतं ते यामुळे. पण इजेच्या खालचा तुकडा, म्हणजे कोपर आणि पुढच्या हातातली नस, त्याच क्षणी मरत नाही. पेशीपासून तुटूनही ती काही दिवस विजेला उत्तर देते. टेस्टमध्ये आपण मेंदूला विचारत नाही, नसेवर बाहेरून शॉक देतो. इजेच्या खाली शॉक दिला की खालचा तुकडा तो स्नायूपर्यंत पोचवतो आणि स्नायू उत्तर देतो. स्क्रीनवर छान, उंच लहर दिसते. हाताचा मालक मात्र मनगट हलवू शकत नसतो.

ही लहर साधारण तिसऱ्या दिवसापासून खचू लागते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास उंची निम्म्यावर येते आणि पूर्ण इजेत नवव्या दिवसापर्यंत मोटर प्रतिसाद नाहीसा होतो. सेन्सरी प्रतिसाद थोडा जास्त टिकतो. तो सातव्या दिवसाच्या सुमारास निम्मा होतो आणि अकराव्या दिवसापर्यंत जातो. सुईच्या टेस्टमधलं फिब्रिलेशन त्याहून उशिरा येतं. इजेपासून स्नायू जवळ असेल तर 10 ते 14 दिवसांत, लांब असेल तर तीन ते चार आठवड्यांनी.

म्हणजे दुसऱ्या दिवशी कोपराजवळ शॉक देऊन आलेली नॉर्मल लहर एवढंच सांगते की खालचा तुकडा अजून जिवंत आहे. नस पूर्ण तुटलेली असती तरी त्या दिवशी हेच आकडे आले असते. तेवढ्यावरून ‘नस चांगली होती’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

दोन गोष्टी शोधून सांगा. पहिल्या टेस्टमध्ये शॉक फक्त कोपराजवळ दिला होता की फ्रॅक्चरच्या वर, काखेच्या बाजूलाही? आणि त्या दिवशी सुई घातली होती का?

अनुस्वार

खूप आभार. रिपोर्ट पुन्हा बघितला. शॉकच्या जागेसमोर फक्त ‘फोरआर्म’ आणि ‘एल्बो’ लिहिलंय. दंडाला पट्टी आणि सूज होती, त्यामुळे वर दिला नसावा. सुई नाही. आणि कुठल्या दिवशी इजा झाली हे रिपोर्टवर कुठेच नाही.

तरंगमापक

मग पहिल्या रिपोर्टचं कोडं इथेच सुटलं. इजेच्या जागेवरून टेस्ट गेलीच नव्हती.

इजेची तारीख नसणं ही मला सगळ्यात गंभीर बाब वाटते. तारखेशिवाय हे आकडे वाचताच येत नाहीत. तीच लहर दुसऱ्या दिवशी नॉर्मल आली तर तिला जवळजवळ काही अर्थ नाही. तीच विसाव्या दिवशी नॉर्मल आली तर ती फार मोठी आनंदाची बातमी असते, कारण मग खालचे तंतू शाबूत आहेत आणि मधे फक्त अडथळा आहे असं ठामपणे म्हणता येतं. टेस्टच्या चिठ्ठीवर इजेची तारीख लिहिण्याचा आग्रह धरा. डॉक्टरांनी लिहिली नाही तर स्वतः सांगा.

जिज्ञासूविद्यार्थी

सर, एक शंका. मोटर प्रतिसाद आधी जातो आणि सेन्सरी नंतर, असं का? रेडियल नर्व्हमध्ये दोन्ही तंतू एकाच ठिकाणी चिरडले गेले आहेत ना?

तरंगमापक

फार चांगला प्रश्न. चिरडले एकाच वेळी जातात आणि खालचे तंतूही साधारण बरोबरीनेच खचतात. फरक मोजण्याच्या जागेत आहे. मोटर टेस्टमध्ये आपण लहर स्नायूवर टिपतो. नसेतून संदेश गेला तरी तो नस आणि स्नायू यांच्या जोडावरून पार व्हावा लागतो. तुटलेल्या नसेचं हे टोक सगळ्यात आधी बंद पडतं. नसेचं खोड अजून वीज वाहत असतं, पण जोडावर रसायन सुटत नाही. सेन्सरी टेस्टमध्ये लहर थेट नसेवरच टिपतात, मधे जोड नाही, त्यामुळे ती दोन-तीन दिवस जास्त दिसते.

याचा व्यवहारात एक परिणाम होतो. सातव्या-आठव्या दिवशी टेस्ट केली की मोटर जवळजवळ गेलेलं आणि सेन्सरी बऱ्यापैकी असं चित्र दिसतं. नवशिक्याला वाटतं की फक्त मोटर तंतूंचा किंवा मज्जारज्जूजवळच्या नसेच्या मुळाचा आजार आहे. आठवडाभर थांबून पुन्हा केली तर दोन्ही गेलेले असतात.

पानगळ

माझी शाखा जीवशास्त्र, त्यामुळे एक भर घालते. तुटलेला तुकडा ‘उपासमारीने हळूहळू मरतो’ असंच फार वर्षं मानलं जायचं. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून खालचा भाग कसा विघटित होतो ते दाखवलं, म्हणून याला वॉलेरियन डीजनरेशन म्हणतात. योगायोग असा की नसेतून संदेश किती वेगाने जातो हे हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्याच नसेवर मोजलं तेही 1850 मध्ये. तुमच्या टेस्टचे दोन्ही पाय त्या एका वर्षात रोवले गेले.

1989 मध्ये उंदरांची एक जात समोर आली, जिच्यात कापलेला तंतू दोन आठवड्यांहून अधिक काळ वीज वाहत राहतो. निव्वळ उपासमार असती तर हे शक्यच नव्हतं. तंतूच्या आत स्वतःला मोडण्याची यंत्रणा असते हे तिथून उलगडत गेलं. पेशीकडून एनएमनॅट-2 नावाचं अल्पायुषी प्रथिन सतत खाली येत असतं. पुरवठा तुटला की ते संपतं, मग सार्म-1 हे दुसरं प्रथिन जागं होतं आणि तंतूतला एनएडीचा (पेशीच्या ऊर्जेसाठी लागणाऱ्या रेणूचा) साठा झपाट्याने फस्त करतं. त्यानंतर तंतूचे तुकडे होतात. सुरुवातीचे ते दोन-तीन ‘नॉर्मल’ दिवस म्हणजे हा साठा संपेपर्यंतचा अवधी. प्रयोगशाळेतल्या या शोधाचा आणि ताईंच्या हातातल्या रिपोर्टचा इतका थेट संबंध आहे हे मला विलक्षण वाटतं.

पेरणी

वाचतोय. माझ्याकडे याची दुसरी बाजू आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (पोटरीतल्या बारीक हाडाच्या) डोक्याजवळ माझी पेरोनियल नस (पाऊल वर उचलणारी) दाबली गेली आणि पाऊल लोंबकळू लागलं. तीन आठवड्यांनी टेस्ट झाली. चांगल्या पायाचा प्रतिसाद 5 मिलिव्होल्ट. दुखऱ्या पायात फिब्युलाच्या खाली शॉक दिला तर 4, वर दिला तर 0.5. मी ‘0.5’ बघूनच खचलो होतो. डॉक्टरांनी मात्र हसून ‘छान आहे’ म्हटलं. तेव्हा मला काही कळलं नव्हतं, पण पाऊल खरंच दोनेक महिन्यांत वर आलं.

तरंगमापक

पेरणी, तुमचे आकडे शिकवायला ठेवावेत इतके बोलके आहेत. तीन आठवड्यांनी खाली 4 मिलिव्होल्ट मिळाले, म्हणजे पाचातले चार हिस्से तंतू जिवंत होते, साधारण 20 टक्केच मेले होते. वरून शॉक दिल्यावर 4 चे 0.5 झाले तो अडथळा, कंडक्शन ब्लॉक. तिथे तंतू शाबूत असतो, फक्त त्यावरचं मायलिनचं आवरण दाबाने बिघडलेलं असतं. ते काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत दुरुस्त होतं.

सेडन यांनी 1943 मध्ये इजेचे तीन प्रकार पाडले ते याच फरकावर. न्यूरोप्रॅक्सिया म्हणजे अडथळा आहे पण तंतू शाबूत. ॲक्सोनोट्मेसिस म्हणजे तंतू तुटले पण बाहेरची नळी टिकली. न्यूरोट्मेसिस म्हणजे सगळंच तुटलं. संडरलँड यांनी 1951 मध्ये त्याचे पाच स्तर केले. पहिल्या आठवड्यात टेस्टमध्ये हे सगळे सारखे दिसतात: खाली प्रतिसाद चांगला, वरून नाही. दहा-अकरा दिवस उलटले की पहिला प्रकार बाकीच्यांपासून वेगळा ओळखू येतो.

दुसरा आणि तिसरा मात्र टेस्टमध्ये त्यानंतरही वेगळे दिसत नाहीत. नळी टिकली आहे की नाही हे विजेला कळत नाही. त्यासाठी अल्ट्रासाउंड, एमआर न्यूरोग्राफी (नसांचा एमआरआय), प्रत्यक्ष डोळ्यांनी बघणं किंवा वाट पाहणं हेच मार्ग.

आणखी एक. टक्केवारीचा हा हिशेब दहा-बारा दिवसांनंतर पण लवकर केला तरच खरा. तीन-चार महिन्यांनी वाचलेले तंतू फांद्या फोडून शेजारच्या अनाथ स्नायूतंतूंना कवेत घेतात आणि लहर पुन्हा उंच होते. तेव्हा मोजलं तर मुळात किती तंतू मेले होते ते झाकलं जातं.

उजवीकडेवळा

हे सगळं वाचून प्रश्न पडतो: मग पहिल्या आठवड्यात टेस्ट करतातच कशाला? रुग्णाला शॉक खायला लावायचे आणि वर चुकीचा दिलासा द्यायचा, त्यापेक्षा सरळ तीन आठवड्यांनीच करावी.

तरंगमापक

तुमची चीड रास्त आहे, पण लवकरची टेस्ट सरसकट बाद करू नका. योग्य प्रश्न घेऊन केली तर ती फार उपयोगी पडते.

एक, जागा शोधायला. खालचा तुकडा जिवंत असतानाच वर-खाली शॉक देऊन ‘इथून पुढे संदेश जात नाही’ हे बोट ठेवून दाखवता येतं. दहा दिवसांनंतर पूर्ण इजेत खालूनही काही येत नाही, मग जागा फक्त सुईने, कोणते स्नायू वाचले आणि कोणते गेले यावरून ताडावी लागते.

दोन, नस सलग आहे का हे बघायला. हात पूर्ण लुळा दिसत असला तरी रुग्णाला जोर लावायला सांगून सुईत एक जरी मोटर युनिट आलं, तरी काही तंतू पार जात आहेत. नस पूर्ण तुटलेली नाही. हे पहिल्या दिवशीही दिसतं आणि सर्जनच्या दृष्टीने फार मोलाचं असतं. म्हणून मी ताईंना सुईबद्दल विचारलं.

तीन, जुनं दुखणं वेगळं काढायला. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी भरपूर फिब्रिलेशन सापडलं तर ते या अपघाताचं असूच शकत नाही, इतक्या लवकर ते येत नाही. मधुमेहाने आधीच मंदावलेल्या नसा किंवा मनगटात जुनी दाबलेली नस, हेही तेव्हाच नोंदवलं जातं. भरपाईचे वाद होतात तिथे हा मुद्दा निर्णायक ठरतो.

एकच टेस्ट करता येणार असेल तर मात्र मीही तीन ते चार आठवड्यांनीच करा म्हणेन. तोवर नसेचं आणि स्नायूचं दोन्ही चित्र स्थिर झालेलं असतं.

बोटंआणिमनगट

हातांची फिजिओथेरपी करते. ‘तीन आठवडे थांबा’ हे ऐकून माणसं उपचारच थांबवतात, ते बघून जीव तुटतो. वाट टेस्टची बघायची आहे, हाताची काळजी घेण्याची नाही.

मनगट पडलेलं असेल तर पहिल्या दिवसापासून कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगटाला वर धरणारा आधार. पंजा आणि बोटांचे सांधे दुसऱ्या हाताने दिवसातून अनेकदा पूर्ण उघडायचे, पूर्ण मिटायचे. नस परत आली आणि सांधे आखडलेले असले तर त्या नसेचा काही उपयोग होत नाही. बधिर त्वचेला गरम भांडं, गरम पाणी, हीटिंग पॅड यांपासून जपा. भाजलेलं कळत नाही. आणि रोज रात्री स्प्लिंट काढून त्वचा लाल झाली आहे का ते बघा.

अनुस्वारताई, भावाची बोटं मागे ढकलली तर सहज जातात ना? अंगठा आणि शेजारच्या बोटामधली फट उघडते का तेही बघा.

दक्षिणवारा

विषय थोडा वेगळा पण जवळचा. माझ्या मावसभावाचा मोटारसायकल अपघात झाला, खांद्याजवळच्या नसांच्या जाळ्याला इजा. खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही, अंगठा पूर्ण बधिर. तीन आठवड्यांनी टेस्ट केली तर अंगठ्याचा सेन्सरी प्रतिसाद एकदम नॉर्मल! आम्ही खूश झालो होतो. आता हा धागा वाचला. तीन आठवडे उलटून गेल्यावरचा नॉर्मल म्हणजे चांगलीच बातमी ना?

टाका

प्लास्टिक सर्जरीत काम करतो, नसांची ऑपरेशन्स करतो. दक्षिणवारा, इथे जपून बोलायला हवं, कारण या एका परिस्थितीत अर्थ उलटा होतो.

संवेदनेच्या तंतूची मूळ पेशी मज्जारज्जूत नसते. ती मज्जारज्जूच्या अगदी बाहेर, डॉर्सल रूट गँगलियन नावाच्या गाठीत असते. नसेचं मूळ जर त्या गाठीच्याही आतल्या बाजूला, मज्जारज्जूपासून उपटलं गेलं, तर पेशी आणि तिचा हातातला तंतू एकमेकांना जोडलेलेच राहतात. तंतू मरत नाही. अंगठ्यावर शॉक द्या, लहर सुरेख येते, आज, तीन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनीही. पण मज्जारज्जूशी दुवा तुटलेला असल्यामुळे माणसाला काहीच जाणवत नाही.

म्हणून त्वचा पूर्ण बधिर, अकरा दिवस उलटून गेलेले आणि तरीही सेन्सरी प्रतिसाद नॉर्मल, ही त्रयी जुळली की मूळ उपटलं गेल्याची शंका घ्यावी लागते. असं मूळ आपोआप परत जोडलं जात नाही. मानेच्या मागच्या स्नायूंत सुई घालून बघतात, एमआरआय किंवा सीटी मायलोग्राफी (मज्जारज्जूभोवती औषध सोडून केलेला सीटी) करतात. मूळ खरंच उपटलेलं असेल तर शेजारच्या कामाच्या नसेची फांदी वळवून जोडता येते. अशा ऑपरेशनला पहिले तीन ते सहा महिने मोलाचे असतात. कृपया नसांच्या ऑपरेशनचा अनुभव असलेल्या सर्जनला लवकर दाखवा, सगळे रिपोर्ट बरोबर न्या. अजून वेळ हातात आहे, तो वाया जाऊ देऊ नका.

दक्षिणवारा

वाचून पायाखालची जमीन सरकली, पण आत्ता कळलं हे बरं झालं. आजच फोन करतो. मनापासून आभार.

अनुस्वार

दक्षिणवारा, भावाला लवकर आराम पडो. इथे कळवत राहा.

टाकासाहेब, आमच्या बाबतीत घरातला मूळ वाद तोच आहे, ऑपरेशनमध्ये नस दुखावली का? तुम्हीच या बाजूचे, म्हणून विचारते.

टाका

सरळ उत्तर देतो. टेस्टवरून हे सांगता येणार नाही. मनगट पडलं ते अपघाताच्या क्षणी, ऑपरेशनच्या आधी. म्हणजे नसेला इजा आधीपासून होती, हे नक्की. ती तेव्हाच एवढी गंभीर होती की आधी नुसता अडथळा होता आणि नंतर काही वाढलं, हे पहिल्या दिवसांतल्या खालच्या शॉकवरून ओळखता येत नाही. पहिला रिपोर्ट सर्जनच्या विरोधातही जात नाही आणि बाजूनेही नाही.

ज्या कागदाने उत्तर मिळू शकतं तो म्हणजे ऑपरेशन नोट. त्यात सर्जनने रेडियल नस पाहिली का, पाहिली तर सलग होती का, काळीनिळी होती, ताणलेली होती, हाडांच्या टोकांत अडकली होती का, हे लिहिलेलं असायला हवं. ती मागून घ्या. भांडणाच्या सुरात मागू नका, पुढच्या उपचारासाठी ती लागणारच आहे असं सांगा, आणि ते खरंच आहे. नस सलग दिसली होती असं लिहिलेलं असेल तर वाट पाहायला भक्कम आधार मिळतो. दंडाच्या बंद फ्रॅक्चरमधल्या रेडियल नसांपैकी बहुसंख्य आपणहून परत येतात.

सुरी-काचेने कापलेली जखम असती तर गोष्ट निराळी. तिथे टेस्टच्या तारखांची वाट कुणीच बघत नाही, पहिल्या काही दिवसांत उघडून नस जोडतात.

शब्दवेध

चेहऱ्याच्या नसेलाही हेच दिवस लागू होतात का? माझ्या आत्याला बेल्स पाल्सी (चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणं) झाली, दुसऱ्याच दिवशी टेस्ट करूया का म्हणून विचारत होती.

तरंगमापक

हो, तत्त्व तेच. चेहऱ्याच्या टेस्टमध्ये दोन्ही बाजूंची लहर ताडून बघतात. पहिल्या तीन दिवसांत ती फसवी असते, तिसऱ्या दिवसानंतर ते चौदाव्या दिवसापर्यंत अर्थपूर्ण. दुखऱ्या बाजूचं 90 टक्क्यांहून अधिक नुकसान दिसलं तर सावरायला जास्त वेळ लागण्याची शक्यता असते. आत्यांना सांगा, टेस्टची घाई नाही, पण स्टिरॉइडच्या गोळ्यांचा निर्णय पहिल्या तीन दिवसांत व्हावा लागतो आणि डोळा मिटत नसेल तर त्याला थेंब आणि पट्टी आजपासून. डॉक्टरांकडे लगेच जायचं ते यासाठी.

जिज्ञासूविद्यार्थी

सर, ताईंच्या भावाच्या पहिल्या रिपोर्टवर वेग 58 मीटर प्रति सेकंद वगैरे असेल आणि तो बघून ‘नॉर्मल’ लिहिलं असेल का? आम्हाला हातात 50 च्या वर, पायात 40 च्या वर असंच पाठ करायला सांगतात.

तरंगमापक

वेगाकडेच बघण्याची सवय फार खोल गेली आहे, म्हणून विचारलंत ते बरं झालं. तंतू तुटण्याच्या इजेत वेग जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. शंभर तंतूंपैकी ऐंशी गेले तरी उरलेले वीस त्यांच्या नेहमीच्या गतीनेच धावतात. घटते ती लहरीची उंची. इजेनंतर रिपोर्ट वाचताना आधी उंची बघा, ती चांगल्या बाजूशी ताडा, मग वेग. हात थंड असेल तर वेग आणखी दिशाभूल करतो: एका अंशाला साधारण दोन मीटर प्रति सेकंद कमी भरतो आणि उंची उलट वाढलेली दिसते. लुळा पडलेला, वापरात नसलेला हात हमखास थंड असतो. तो 32 अंशांच्या आसपास गरम करूनच टेस्ट करावी.

बरं झाल्यावर उलट होतं. नव्याने वाढलेले तंतू बारीक असतात, त्यांचं मायलिन पातळ असतं, त्यामुळे मनगट झकास उचललं जात असतानाही आकडे वर्षानुवर्षं मंद राहू शकतात. तेव्हा आकड्यांपेक्षा हाताचं ऐकावं.

अनुस्वार

ऑपरेशन नोट मिळाली. त्यात लिहिलंय, ‘रेडियल नर्व्ह दिसली, सलग आहे, चिरडल्याच्या खुणा, फ्रॅक्चरच्या टोकापासून मोकळी केली.’ बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे त्यांनी वाचवायचाच प्रयत्न केला.” घरातलं वातावरण निवळलं आहे. तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही.

बोटंआणिमनगट, बोटं मागे सहज जातात, अंगठ्याजवळची फट थोडी घट्ट आहे. आजपासून त्यावर काम सुरू.

आता पुढची टेस्ट कधी आणि त्यात काय बघायला सांगू? तोवर रोज आशेने त्याच्या मनगटाकडे बघतोय.

टाका

उत्तम नोंद आहे. आता नसेला वाढू द्यायचं. ती दिवसाला साधारण 1 मिलिमीटर पुढे सरकते आणि सुरुवातीचे काही आठवडे इजेची जागा ओलांडण्यात जातात. फ्रॅक्चरपासून पहिला स्नायू, ब्रॅकिओरेडियालिस, समजा 9 सेंटीमीटरवर असेल, तर 90 दिवस अधिक ते आठवडे. म्हणजे साडेतीन-चार महिने. मनगट उचलणारे स्नायू त्याच्या पाठोपाठ. बोटं आणि अंगठा उघडणारे सगळ्यात शेवटी, त्यांना सहा-आठ महिने किंवा जास्तही लागू शकतात. तीन महिन्यांत बोटं हलली नाहीत म्हणून धीर सोडू नका, त्यांची पाळीच आलेली नसते.

तोवर दंडावरून खाली हलकेच टिचक्या मारून बघा. जिथे टिचकीने अंगठ्याच्या मागे मुंग्या जातात ती वाढत्या टोकाची जागा. ती महिन्याला तीनेक सेंटीमीटर खाली सरकत असेल तर नस चालते आहे. पेनने खूण करून तारीख लिहून ठेवा.

मर्यादाही सांगून ठेवतो. स्नायू नसेविना अनिश्चित काळ टिकत नाही, साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तो नस स्वीकारण्याच्या पलीकडे जातो. म्हणून चार-पाच महिन्यांत पहिल्या स्नायूतही काहीच खूण नसेल तर नस पुन्हा उघडून बघण्याचा विचार करावा लागतो. तेव्हाही नसेचं कलम किंवा दुसरी नस वळवून जोडणं यांना पुरेसा वेळ उरतो. आणि नस नाहीच आली तरी रेडियलसाठी स्नायूबंध वळवण्याचं ऑपरेशन आहे, त्याचे निकाल चांगले असतात.

तरंगमापक

पुढची टेस्ट इजेपासून तीन ते साडेतीन महिन्यांनी करा, आणि या वेळी सुई महत्त्वाची. चिठ्ठीवर इजेची तारीख, ऑपरेशनची तारीख आणि ‘ब्रॅकिओरेडियालिस व एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस (मनगट उचलणारा स्नायू) पाहावेत’ एवढं लिहून घ्या. अहवालात लहान, पुष्कळ टोकांची, नव्याने उगवणारी मोटर युनिट्स आहेत का ते शोधा. मनगट डोळ्यांना हलताना दिसण्याच्या काही आठवडे आधी ती सुईत दिसतात. ती नसली आणि फक्त फिब्रिलेशन असलं तर लगेच निष्कर्ष काढू नका, सहा आठवड्यांनी पुन्हा बघा आणि दरम्यान टाका यांनी सांगितलेल्या टिचकीच्या खुणा सर्जनना दाखवा.

शक्य असेल तर दुसरी टेस्ट केली तिथेच करा. यंत्र आणि हात तेच असले की आकडे एकमेकांशी ताडता येतात. दोन्ही जुने रिपोर्ट आणि ऑपरेशन नोट एका फायलीत लावून न्या. पहिल्या रिपोर्टवर इजेची तारीख पेनने आजच लिहून टाका.

अनुस्वार

लिहिली. तिसरा रिपोर्ट आला की याच धाग्यावर टाकते.